अकोला गाडी, बावीस मणी

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर दुपारी अडीचच्या सुमाराला भोंग्यातून घोरण्याचा आवाज यायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. नवीन माणूस तेवढा दचकून वर बघायचा. मग रसवंतीवाला त्याला सांगायचा, "काही न्हाई, चाचा हायेत. माइक चालूच राहिला."

चाचांचं काम म्हणजे आलेल्या-गेलेल्या गाड्यांची रजिस्टरात नोंद करायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. सगळा स्टँड त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला हे नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या तांड्यावर माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आमच्या घरात तर माझ्याआधी कुणी साधं पोस्टकार्डही लिहिलेलं नाही. तेव्हा जसं आठवतं तसं लिहिते.

माझं कॉलेज बाराला सुटायचं आणि तांड्याकडची गाडी साडेचारला होती. मधला वेळ मी तीन नंबरच्या फलाटावरच्या बाकड्यावर पुस्तक घेऊन बसायचे. पहिल्याच आठवड्यात भोंगा बोलला, "फलाट नंबर तीनच्या बाकड्यावर एक पोरगी अभ्यास करून राहिली. तिथं गोंधळ घालू नका. भजी खायची असतील तर फलाट एकवर जा." सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, जमीन फाटावी. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलून बसले, तर भोंगा म्हणाला, "पोरगी आता फलाट दोनवर हाय."

शेवटी त्यांना विनंती करायला मी केबिनपाशी गेले. तोंडातून शब्द फुटेना. चाचा म्हणाले, "लाजून कसं चालंल, ग्रॅज्युएट? माइक हातात आला की लाजायचं न्हाई." मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. त्या दिवसापासून त्यांनी मला ग्रॅज्युएटच म्हटलं. मी सांगून पाहिलं की अजून तीन वर्षं आहेत. ते म्हणाले, "गाडी फलाटावर लागायच्या आधीच पुकारावी लागते बेटा. नंतर पुकारून काय फायदा?"

त्यांचं पुकारणं तसंच होतं. "कुरुंद्याला जाणारी गाडी येऊन राहिली. धक्के मारू नका, सगळ्यांना जागा भेटंल, न्हाई भेटली तर उभं राहायची सवय हायच." नरसीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना ते सांगायचे, "माय, उतरताना गाडीकडं तोंड करून उतरा." हिरव्या पातळातल्या मावशीचं लेकरू कुठल्या फलाटावर रडतंय, हेही आम्हाला भोंग्यावरूनच कळायचं. माइकला चाचींनी शिवलेलं कापडी टोपरं असायचं. दर शुक्रवारी ते धुऊन दुसरं चढायचं.

आणि झोप. अंगानं चाचा चांगले जाडजूड होते. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, ते समजायचं नाही. ते कुठंही झोपायचे. चहाची बशी तोंडाशी नेताना, रजिस्टरात रेघ मारताना, उभ्या उभ्या. नवल असं की जागे झाले की बोलणं जिथं तुटलं त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचे. एकदा जेवताना मला म्हणाले, "ग्रॅज्युएट, जिंदगीत एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची..." आणि घोरायला लागले. मी हातातला घास तसाच धरून थांबले. दोनेक मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "...की वांग्याच्या भाजीत मीठ नंतर टाकायचं."

त्यांचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. मुलगी लग्न होऊन परभणीला गेलेली, घरात दोघंच. चाची मला रोज चहाला बोलवायच्या. माझ्या आईबापाला शहरातलं कुणी ओळखीचं नव्हतं, पण बापू एकदा चाचांना भेटून आले आणि आईला आमच्या बोलीत म्हणाले, काळजी नाही, पोरीकडं सगळ्या स्टँडचं लक्ष आहे.

तर तो बाजाराचा दिवस. स्टँड माणसांनी, कोंबड्यांनी, हळदीच्या पोत्यांनी भरलेला. भोंगा बोलला, "आखाडा बाळापूर मार्गे नांदेडला जाणारी..." आणि घोरणं सुरू झालं. लोक हसले. मग एकदम घोरणं थांबलं. इतर वेळी कुणाच्या ध्यानात आलं नसतं, पण त्या दिवशी भोंग्याचा आवाज वाढवलेला होता. एवढा मोठा आवाज अचानक बंद झाला की माणूस आपोआप वर बघतो. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. एक कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून तसाच उभा. भोंगा गप्प.

माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "गेला का काय व माय?"

आणि मग भोंग्यातून असा काही आवाज आला, जशी म्हैस पाण्यातून वर यावी. खर्रर्र! आणि लगेच, "...गाडी फलाट नंबर दोनवर लागली हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत एक मोठे साहेब नव्हते. ते त्या दिवशी तपासणीला आले होते. त्यांनी चाचांना सांगितलं, की माइकवर बसायला तुम्ही ठीक आहात असा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर यापुढे पासच्या खिडकीत बसा. आणि कागद येईपर्यंत खिडकीतच बसवलं.

चाचांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "चाचा, पासचं काम तर सोपं आहे."

"सोपं हाय गं. पण खिडकीत माणूस एका टायमाला एकाशीच बोलतो. ती काय जिंदगी हाय?"

माइकवर एका तरुण क्लार्कला बसवलं. तो बातम्या वाचल्यासारखं पुकारायचा, शुद्ध आणि भराभर. पहिल्याच आठवड्यात बऱ्याच लोकांच्या गाड्या चुकल्या. हिरव्या पातळातली मावशी कुणी सांगतच नव्हतं.

आमच्या गावातल्या डॉक्टरांनी चाचांना स्टुलावर बसवून नाडी धरली. नाडी धरल्या-धरल्या चाचा झोपले. डॉक्टरांनी हात सोडला नाही. चाची सांगायच्या, की डॉक्टरांचा चेहरा आधी हसरा होता, मग गंभीर झाला, मग ते घड्याळाकडे बघायला लागले. घोरणं थांबलं तशी नाडी मंद मंद होत गेली, मध्येच एक-दोन ठोके पडलेच नाहीत, आणि चाचा दचकून जागे झाले तशी घोड्यासारखी पळायला लागली. जागेपणी ईसीजी काढला तर एकदम ठीक. डॉक्टर म्हणाले, नांदेडला जा. एक दिवस-रात्र छातीला यंत्र लावून बघावं लागेल.

ते यंत्र लावून चाचा नांदेडहून परत आले तेव्हा मी स्टँडवरच होते. छातीवर ठिकठिकाणी चिकटवलेल्या वायरी, आणि कमरेला पट्ट्यात एक डबी. हृदयातून वीज जशी जाते तशी तिची नोंद त्या डबीत चोवीस तास होत राहते, असं त्यांना सांगितलेलं होतं. चाचांना ते फार आवडलं. पासच्या खिडकीतून ते प्रत्येकाला सदऱ्याचं बटण काढून दाखवत होते. "मी आयुष्यभर गाड्यांची नोंद केली, आज माझी बी नोंद होऊन राहिली."

सोबत एक कागद दिलेला होता. किती वाजता काय केलं, काय वाटलं, ते त्यावर लिहायचं. दिवसाचं चाचांनी स्वतः लिहिलं. रात्रीचं कोण लिहिणार? मी सकाळी कॉलेजच्या आधी त्यांच्या घरी गेले, तेव्हा रात्रीचे रकाने कोरेच होते. मी सहज चाचींना विचारलं, "रात्री काही त्रास झाला का?"

चाची म्हणाल्या, "रोज का वैसाच. अमरावती के बाद सोळा. फिर अकोला के बाद बावीस. हैदराबाद के बाद अठरा."

मला काही समजलं नाही. मग त्यांनी उशाची जपमाळ, त्यांची तसबीह, हातात घेऊन सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनी पहिल्यांदा चाचांचा श्वास झोपेत थांबला, तेव्हा घाबरून त्यांनी हलवून उठवलं होतं. चाचा चिडले. रोज किती वेळा उठवणार? मग त्या तसबीह घेऊन पडायला लागल्या. श्वास थांबला की अल्लाहचं नाव घेत एकेक मणी ओढायचा. परत घोरणं सुरू झालं की माळ सोडायची. रात्रीत कित्येक वेळा असं व्हायचं, पण सगळ्यात लांब थांबलेले तेवढे आकडे त्यांच्या ध्यानात राहायचे. हे त्या इतक्या साधेपणानं सांगत होत्या, जसं काही सगळ्याच बायका रात्री हेच करतात.

"आणि वेळ कशी कळते?"

"मेरे कू घडी नहीं समझती, गाडी समझती." भिंतीपलीकडं रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबायच्या, त्यांच्या हॉर्नवरून चाची वेळ ओळखायच्या.

मी सगळं लिहून घेतलं. मग स्टँडवर जाऊन वेळापत्रकाच्या बोर्डवरून प्रत्येक गाडीची वेळ काढली आणि चांगल्या अक्षरात रकान्यात भरली. अकोला गाडी बोर्डवर रात्री एक दहाची होती, आणि गाडी गेल्यावर दहाएक मिनिटांनी, असं चाचींनी सांगितलं होतं. मी लिहिलं, 'एक वाजून वीस मिनिटे, श्वास बंद, बावीस मणी.' त्या कागदाचा मला थोडा अभिमानच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी डबी परत करायला आणि निकाल ऐकायला चाचींनी मलाही सोबत नेलं. "ये पढी-लिखी है," एवढंच त्यांचं म्हणणं. मी नांदेडला त्याआधी एकदाच गेले होते.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी पट्ट्या टेबलावर पसरल्या. म्हणाले, "दिवसा सगळं ठीक आहे. रात्री मात्र तुमचं हृदय मधूनमधून चार-चार, पाच-पाच सेकंद थांबतंय. वीजच निघत नाही. छातीत बॅटरी बसवावी लागेल असं दिसतंय."

चाचांनी विचारलं, "बॅटरी बसवल्यावर माइकजवळ बसता येतं का?"

"माइकला काही हरकत नाही. फक्त भोंग्याचं मोठं लोहचुंबक छातीजवळ आणायचं नाही."

चाचांनी त्यातला शेवटचा अर्धा भागच ऐकला. त्यांच्या केबिनमध्ये टेबलाखाली, टेबलावर, खुर्चीच्या मागं जुने भोंगेच भोंगे होते. साहेबांच्या हातात बॅटरीचा कागद पडला की पासची खिडकी कायमची, हे त्यांना तिथंच दिसलं असणार. दुपारचे अडीच वाजले होते, आणि चाचांना त्या वेळी टक्क जागं मी पहिल्यांदाच बघत होते.

माझ्या पिशवीत मी भरलेला रात्रीच्या नोंदींचा कागद होता. डॉक्टरांनी मागितला नव्हता. न मागता मोठ्या माणसासमोर काही काढावं, असं आम्हाला कधी कुणी शिकवलेलं नाही. चाचांकडे बघितलं तर ते खाली मान घालून सदऱ्याची बटणं लावत होते. मग मी उठले आणि म्हटलं, "सर, यांचा श्वास थांबतो. ते... लिहिलेलं आहे."

डॉक्टरांनी कागद वाचला. 'मणी' म्हणजे काय, ते मी सांगितलं. ते एकदम सरसावून बसले. चाचींना म्हणाले, "मोजून दाखवा." चाचींनी पदराआडून तसबीह काढली, डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. बावीस मण्यांना तेवीस सेकंद लागले.

मग ते पेन्सिल घेऊन पट्टीवर एक वीस शोधायला लागले. शोधलं, आणि मान हलवली. "नाही, बाळ. एक वीसला हृदय अगदी ठाकठीक चाललंय. बाकीच्या वेळाही जुळत नाहीत."

मला रडू आलं. वाटलं, उगाच उभी राहिले.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "टाइम कुठून लिहिला गं?"

"बोर्डवरून."

"बोर्डवरून?" चाचा एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. "अगं ग्रॅज्युएट, आपल्या स्टँडवर बसून बसून तू हेच शिकली का? अकोला गाडी जिंदगीत कधी टायमावर आली का? बोर्ड रंगवायचं काम बोर्डवाल्याचं, गाडीचा त्याच्याशी काय संबंध? खरा टाइम रजिस्टरात असतो. डॉक्टरसाहेब, पाच मिनिटं द्या."

दवाखान्याखालीच फोनचा बूथ होता. चाचांनी स्टँडला फोन लावला आणि माइकवर बोलावं तसं बोलले, त्यामुळे अर्ध्या रस्त्याला कळलं. "परवाच्या रात्रीचं रजिस्टर काढ! अमरावती किती वाजता आली? जोरात बोल! अकोला? पंचेचाळीस मिनिटं लेट! काहून? पंक्चर? बरं, हैदराबाद? दहा मिनिटं आधी?" फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "ड्रायव्हर नवा असंल."

मी नव्या वेळा कागदावर लिहिल्या. वर आल्यावर डॉक्टर एकेक वेळ पट्टीवर बघत गेले. अमरावती जुळली. हैदराबाद जुळली. अकोल्याच्या जागी त्यांनी पेन्सिलनं गोल केला आणि पट्टी आमच्याकडे फिरवली. सगळ्यात लांब थांबा तिथंच होता. हृदयाच्या ठोक्यांचे उंचवटे एकमेकांपासून लांब लांब जात गेलेले, मग एक सपाट रेघ, आणि मग एकदम दाटीनं उंचवटेच उंचवटे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत यांच्या घशातली वाट मिटते. छाती हवा ओढायचा प्रयत्न करते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होत जातो, आणि त्या ताणात एक मोठी नस हृदयाला हळू चाल, हळू चाल म्हणून सांगते. शेवटी शेवटी ठोक्याची वीज काही सेकंद निघतच नाही. मग मेंदू घाबरून माणसाला जागं करतो, वाट उघडते, आणि हृदय धावत सुटतं. रात्रीतून कित्येक वेळा असं. वर्षानुवर्षं चाललं तर हृदयाची विजेची घडीच बिघडते. दिवसाची झोपही त्यामुळेच, कारण रात्रभर हा माणूस झोपलेलाच नसतो.

चाचा सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे इंजन ठीक हाय, स्टार्टर ठीक हाय. हवेचा पाइप दबून राहिला. मंग तुमी स्टार्टर काहून बदलून राहिले?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आज तरी नाही बदलत. आधी पाइप बघू. पण नंतर परत ही डबी लावायची. तेव्हाही थांबे दिसले तर मात्र बॅटरी, आणि काही कुरकुर करायची नाही."

"मंजूर," चाचा म्हणाले, आणि हात पुढं केला. निघताना डॉक्टर चाचींकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं का नाही?" चाची म्हणाल्या, "किसीने पूछाच नहीं."

झोपेची मोठी तपासणी तेव्हा हैदराबादला व्हायची. तिथं चाचांच्या डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून म्हणे काचेपलीकडून माणूस बघत बसला. चाचा म्हणायचे, "माझी झोप बघायला तिथं पगारी माणूस हाय, इथं फुकटात साहेब बघतात तर नोटीस देतात." महिनाभरानं मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून हवेचा दाब, म्हणजे घशातली वाट मिटत नाही. मशीन येईपर्यंत चाचींनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बनियनच्या पाठीवर रबरी चेंडू शिवला होता, झोपेत उताणं होऊ नये म्हणून. ते बनियन घालून चाचा एकदा चुकून पासच्या खिडकीत बसले आणि दिवसभर खुर्ची बदलत राहिले.

मशीनच्या पहिल्या रात्री चाचा सोंड लावून गाढ झोपले, आणि चाची पहाटेपर्यंत जाग्या. मी विचारलं, "आता काय झालं?" म्हणाल्या, "आवाज नहीं ना. आवाज नहीं तो डर लगता." आठवडाभर त्या तसबीह घेऊन वाट बघत राहिल्या. मग एका सकाळी मला म्हणाल्या, आता माळ फक्त अल्लाहसाठी.

तीन महिन्यांनी परत डबी लावली. कागद घेऊन मीच बसले होते, या वेळी रजिस्टरातल्या वेळांसकट. चाचींनी काहीच सांगितलं नाही. त्यांनाही रात्रभर झोप लागली होती. डॉक्टरांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, पेन्सिल खिशात ठेवली आणि साहेबांसाठी कागद लिहून दिला.

चाचा माइकवर परतले. अडीच वाजता आता भोंगा जागा असायचा. काही लोकांना ते आवडलं नाही. रसवंतीवाला म्हणायचा, "पयले दुपारची वेळ समजायची, आता घड्याळ घ्यावं लागंल." जेवतानाही चाचा वाक्य आता एका दमात पुरं करायचे, त्यामुळे ती वाक्यं काही फार थोर नसायची, हे माझ्या ध्यानात आलं.

बी.एस्सी. झाल्यावर पुढं शिकायला मी औरंगाबादला निघाले. बापू ट्रंक घेऊन सोबत आले होते. चाचींनी डबा दिला. केबिनकडे जायचं मी टाळत होते, काय बोलावं ते सुचत नव्हतं. भोंगा बोलला.

"औरंगाबादला जाणारी गाडी फलाट नंबर एकवर लागली हाय. ह्या गाडीनं आपली ग्रॅज्युएट..."

आणि भोंगा गप्प.

सगळ्या स्टँडनं सवयीनं वर बघितलं. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. "झोपला वाटते परत," कुणीतरी म्हणालं. बापूंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी बोटांवर मोजत होते. पाच. सहा. सात. घोरण्याचा आवाज नव्हता, आणि भिंतीपाशी उभ्या चाचींचा हात माळेकडे गेला नव्हता. आठ. नऊ.

"...खिडकीशेजारी बस, बेटा. आणि हात बाहेर काढू नको."